माळवदाचा खर्च दिसायचा, स्लॅबचा दिसत नाही

मे निम्मा सरला की आमच्या गावात मातीची गाढवं दिसायला लागायची. पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या, मागं हाकणारा माणूस, आणि दारोदार एकच विचारणा: "औंदा किती खेपा टाकू?" औसा तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा बहुतेक माळवदाचंच, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरांचं. मिरगाच्या आत माळवदावर पांढऱ्या मातीचा थर पडायला हवा, पन्हाळी मोकळ्या व्हायला हव्यात, साण्यावरचं, म्हणजे उजेडासाठी छतात ठेवलेल्या भोकावरचं, झाकण धड आहे का ते बघायला हवं. वडील बियाणं, सालगड्याची उचल आणि माळवदाची माती हे तीन खर्च एका दमात सांगायचे. त्या मातीला कुणी दुरुस्ती म्हणत नसे. काही मोडलं म्हणून ती टाकायची नसते, घर आहे म्हणून टाकायची असते, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही ठाऊक होतं.

आता त्याच गावात स्लॅब आहेत. मे महिन्यात घराची आठवण कुणाला होत नाही. ती होते जुलैत, देवघरावरच्या छतातून ओल उतरल्यावर.

मी सव्वीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. लातूर, उदगीर, परळी असं फिरत गृहकर्जाच्या शेकडो फायली हातावेगळ्या केल्या. पगाराची स्लिप, नमुना आठ नाहीतर खरेदीखत, बांधकाम परवाना, सर्च रिपोर्ट, इंजिनिअरचं अंदाजपत्रक. आणि मूल्यांककाचा अहवाल. या अहवालात इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहिलेलं असतं: "अंदाजे ५० वर्षे, योग्य देखभाल केल्यास." शेवटच्या तीन शब्दांवरून माझी नजर किती वेळा घसरून गेली असेल, त्याची गणती नाही. समोर बसलेल्या माणसाला मी एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, ही योग्य देखभाल तू कशातून करणार आहेस? हातात येणाऱ्या पगारात हप्ता बसतो का, तेवढं बघायचं आणि सही करायची.

लोक व्याजाला छुपा खर्च म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही. २० लाख रुपये, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता १८ हजारांच्या आसपास आणि एकूण परतफेड ४३ लाखांच्या वर. हा आकडा जीवघेणा आहे खरा, पण तो कागदावर छापलेला आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, घरपट्टी, पाणीपट्टी, महापालिकेत थकबाकीवर महिन्याला लागणारी दोन टक्के शास्ती, हेही कुठं ना कुठं लिहिलेलं असतं. छुपा खर्च तो, जो कुठल्याच कागदावर नाही. घर झिजतं, हा तो खर्च. घर एकदाच होतं अशी समजूत घरातल्यांनी, बँकेनं आणि सरकारनं मिळून पक्की करून टाकली आहे. तिची किंमत सगळ्यात जास्त तोच मोजतो, ज्यानं आयुष्यात एकदाच कसंबसं घर उभं केलं.

मी स्वतः त्यातलाच. लातुरात २००३ साली घर बांधलं, साडेसहा लाखांत. हिशेबाची सवय जात नाही म्हणून घराची वही ठेवली होती. निवृत्त झाल्यावर एका दुपारी ती उघडून बेरीज केली. बोअर दोन, त्यातला पहिला आटला. मोटारी चार. छतावरचं वॉटरप्रूफिंग दोनदा. संडासाच्या मागच्या भिंतीचा गिलावा तीनदा, कारण तिला लोणा लागतो, म्हणजे ओलीनं खार फुटून गिलावा झडतो, आणि तो कुणाला बधत नाही. वाळवीनं खाल्लेल्या दोन चौकटी. रंग, गेट, टाक्या, ड्रेनेज. बेरीज सात लाखांच्या वर गेली. २००३ चा रुपया आणि आजचा रुपया एक नाही, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. तरीही बायकोला आकडा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण हे घर दोनदा बांधलं की."

यातला मोठा वाटा पाण्याचा आहे आणि तो खास आपल्याकडचा आहे. नळाला रोज पाणी येणाऱ्या गावात घराला एक टाकी पुरते. आमच्याकडे प्रत्येक घरात एक खासगी पाणीपुरवठा खातं चालतं. जमिनीखाली हौद, गच्चीवर दोन टाक्या, बोअर, मोटार, मोटारीचं स्टार्टर, हौदातून वर चढवायला वेगळा पंप, जड पाण्यासाठी फिल्टर, वर पिण्याच्या पाण्याचे जार आणि उन्हाळ्यात टँकर. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचं धरण उशाला असून नळाला पाणी यायला कित्येक दिवस वाट पाहावी लागते. तिथल्या नव्या योजनेचं १,६८० कोटींचं भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झालं, आणि त्यानंतरही माझ्या साडूच्या इमारतीत टँकरची वर्गणी चालूच राहिली. बोअरच्या पाण्यानं नळांच्या तोट्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर चुन्याची पुटं चढतात. प्लंबर येतो, पुट खरवडतो, पाचशे रुपये घेतो. पालिकेनं करायचं काम घरमालक करतो आणि त्याचा खर्च घरखर्चात मोजतो. घरपट्टी, पाणीपट्टी मात्र चालूच असते.

आणि हे पाणी नुसतं नळात कमी पडत नाही, ते काँक्रीटमध्येही कमी पडतं. आमच्याकडे बांधकामं उन्हाळ्यात उरकायची घाई असते, पावसाआधी स्लॅब पडला पाहिजे म्हणून. (आमच्याकडे स्लॅब 'पडतो' म्हणजे ओतला जातो. बाहेरगावचा माणूस ऐकून दचकतो.) ओतलेल्या काँक्रीटला किमान दहा दिवस, जमलं तर चौदा, सतत ओलं ठेवायला लागतं. मिस्त्री याला पाणी मारणं म्हणतात. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी कोंडायचं, खांबांना ओली पोती गुंडाळायची. पण एप्रिल-मे म्हणजे टँकरचेही दिवस. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत एक स्लॅब पडला. मालकाला विचारलं, पाणी किती दिवस मारलं? म्हणाला, "तीन दिवस मारलं की सर. प्यायला न्हाई, स्लॅबला कुठून आणू?" त्याला काय बोलणार? पण कमी पाणी प्यालेलं काँक्रीट सच्छिद्र राहतं. त्यातून पावसाचं पाणी आत उतरतं, सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि खालचा गिलावा ढकलून देते. दहा-बारा वर्षांनी पलंगावर पोपडा पडतो तेव्हा दोष रंगाला दिला जातो. मिस्त्री येतो, "केमिकल मारून टाकू" म्हणतो, आणि गंजलेली सळई आत तशीच राहून वरून पांढराशुभ्र लेप बसतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. जुनी माणसं गावाच्या जागेला पांढरी म्हणत आणि रानाला काळी. वस्ती पांढरीत, पीक काळीत. आता गावठाणात जागा उरली नाही, म्हणून शहराकडेच्या काळ्या रानात प्लॉट पडलेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षातून एकदा ती घराला खालून उचलते आणि एकदा सोडते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग, मधोमध उचललेली फरशी, रस्त्याकडे झुकलेली कंपाउंडची भिंत, हे सगळं तिचं काम. पाया खोल नेला, काळी माती काढून मुरूम भरला, घराभोवती पाणी साचू दिलं नाही, तर पुष्कळ भागतं. पण प्लॉट विकणारा मातीचा रंग कधी सांगत नाही. तो शाळा किती जवळ आहे ते सांगतो.

इथं कुणी म्हणेल, चला, म्हणजे माळवदच बरं होतं. नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आमच्याच तालुक्यातल्या किल्लारीला भूकंपात काय झालं, ते ज्यानं पाहिलं त्याच्या तोंडी हे वाक्य येणार नाही. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन करून माणसं झोपली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमचं गाव तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, तरी चुलत्यांच्या माळवदाचे दोन खण खाली आले. रात्री ते अंगणात झोपले होते म्हणून वाचले. नंतर अभियंत्यांनी कारणं सांगितली. भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, आतला आणि बाहेरचा थर सांधणारा आडवा दगड नाही. आणि वर मातीचं ओझं. कुठं कुठं तो थर दोन फुटांपर्यंत गेला होता.

तो दोन फुटांवर कसा गेला? दर मे महिन्यात एक थर. जुनी माती खरवडून काढायची आणि मग नवी टाकायची, हे काम कष्टाचं. एखाद्या वर्षी राहून गेलं, मग कायमचंच राहून गेलं. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांनी टाकली. घर राखायला म्हणून जे केलं तेच छातीवर आलं. ही गोष्ट मला इतकी वर्षं सोडत नाही. पैसा आणि इमान दोन्ही असून राखण चुकीची होऊ शकते, तिलाही ज्ञान लागतं. आज गळक्या स्लॅबवर कोबा, त्यावर आणखी एक कोबा, त्यावर चायना मोझॅक असे थर चढवणारे आम्ही काही वेगळं करत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. माळवदाच्या घराची रोजची राखण बायकांच्या अंगावर होती. सारवण, पोतेरा, चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंती, सणासुदीआधीचे आठ-आठ दिवस. माझ्या आईचे गुडघे त्यात गेले. ते श्रम कुणी वहीत मांडले नाहीत, म्हणून ते घर 'स्वस्त' होतं. फरशी आल्यावर आई रडली नाही, हसली. गावाकडच्या घरावर हळवं होऊन बोलणाऱ्यांनी आधी तिला विचारावं.

भूकंपानंतर एक चांगली गोष्ट झाली होती, ती आपण विसरलो. बावन्न गावं नव्या जागी वसवली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या त्याच कार्यक्रमात दुरुस्ती आणि मजबुतीकरण असाही एक भाग होता. जी घरं उभी होती पण खिळखिळी झाली होती, अशा लाखाहून जास्त घरांच्या मालकांना पैसा आणि तांत्रिक सल्ला दिला गेला आणि त्यांनी आपापली घरं नीट करून घेतली. म्हणजे उभ्या घराला पैसा देता येतो. सरकारनं याच मराठवाड्यात तो दिलेला आहे.

आज काय आहे? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी केंद्राच्या निकषानं १ लाख २० हजार रुपये मिळतात, २०१६ पासून तेवढेच. शिवाय रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी. इतक्यात २५ चौरस मीटरचं घर उभं करताना जे राहून जातं ते नेमकं घर टिकवणारं असतं: छताचा उतार, कठडा, बाहेरचा गिलावा. केज तालुक्यातला एक ऊसतोड कामगार मला म्हणाला होता, "सायेब, घरकुल गळायलंय. पर दिवाळी झाली की फडावर जायचं. सा महिने कुलूप. कोण बघतंय?" त्याच्यासाठी दुरुस्तीचा हप्ता नाही. त्याला पैसा कधी मिळेल? घर पडल्यावर. आपत्तीच्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. निदान १५ टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर धाराशिव, बीडकडं पंचनामे झाले ते याच मापानं. चौदा टक्के पडलेल्या घरानं पुढच्या पावसाची वाट बघायची.

सरकारला घर झिजतं हे माहीत नाही असं नाही. आयकर कायदा बघा. घर भाड्यानं दिलं तर त्याच्या वार्षिक मूल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची एकही पावती न दाखवता. त्याच घरात स्वतः राहिलात तर शून्य. जाणकार म्हणतील, राहत्या घराचं उत्पन्नच धरत नाहीत, मग वजावट कशातून? बरोबर आहे, आणि मला वजावट नकोच आहे. भाडेकरू ठेवलेल्या भिंतीला लोणा लागतो हे ज्या कायद्याला कळतं, तो करणाऱ्या सरकारला माझ्या भिंतीचं का कळू नये, एवढाच माझा प्रश्न. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनाही हे कळतं. बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची गंगाजळी, मिळून एक टक्का. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट. आमच्या शहरांतल्या किती अपार्टमेंटमध्ये हे होतं? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी महिन्याची वर्गणी म्हणजे वॉचमन, जिन्यातला दिवा आणि बोअरचं बिल. बिल्डरची बांधकामातल्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्यानं ताबा दिल्यापासून पाच वर्षांची. सहाव्या वर्षी गच्ची गळते आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचा माणूस एकटा पडतो. खालचे म्हणतात, आमच्याकडं तर कोरडं आहे.

तर मग भाड्यानंच राहावं का? पुण्या-मुंबईतले तरुण हिशेब मांडून दाखवतात तसा? मला ते पटत नाही. भाड्याचं घर अन् खाली कर, हे ज्यानं भोगलंय त्याला कोष्टकं दाखवू नयेत. नवरा गेल्यावर त्या दोन खोल्यांच्या जोरावर पोरं शिकवलेल्या बायका मी कर्जदार म्हणून पाहिल्यात. घर हवंच. फक्त त्याचा मे महिना त्याला परत मिळायला हवा.

घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यानंतर पाचव्या वर्षी एक दुरुस्तीचा हप्ता ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. पैसे खातील, अशी शंका लगेच येईल. आज प्रत्येक टप्प्याला घराचा जिओटॅग केलेला फोटो काढूनच हप्ता सुटतो. तोच फोन घेऊन पाचव्या वर्षी पुन्हा जायचं, छताचा फोटो काढायचा. ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, एक जाणता मिस्त्री गावात फिरवावा. हातोडीनं गिलावा वाजवला की पोकळ कुठं आहे ते त्याला आवाजावरून कळतं. पन्हाळी, नाल्या, कठडे बघून चिठ्ठी द्यावी. पैसा ज्यानं त्यानं घालावा, पण काय करायचं ते तरी कळेल, चुकीचे थर चढणार नाहीत. आणि बँकांनी कर्ज मंजूर करताना हप्त्याच्या शेजारी बांधकाम खर्चाचा एक टक्का राखणीचा म्हणून मांडावा. २० लाखांच्या बांधकामाला वर्षाला २० हजार, महिन्याला सतराशेच्या आसपास. तेवढं धरून हप्ता बसत नसेल तर एक खोली कमी बांधा, असं सांगण्याची हिंमत अधिकाऱ्यानं करावी. कर्ज थोडं कमी जाईल. पण तारण ठेवलेलं घर वीस वर्षं शाबूत राहण्यात बँकेचाही स्वार्थ आहेच.

मागच्या महिन्यात पेन्शनच्या कामासाठी जुन्या शाखेत गेलो होतो. माझ्या टेबलावर आता एक मुलगी बसते, हुशार आहे, परभणीची. एका शिक्षकाचं गृहकर्ज तपासत होती. मी तिला मूल्यांककाचा अहवाल उघडायला लावला, ते शेवटचे तीन शब्द दाखवले आणि एक टक्क्याचं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं, माऊस खालीवर फिरवून पाहिला आणि म्हणाली, "सर, पटतंय हो. पण सिस्टीममध्ये तसलं फील्डच न्हाई."